मालनअक्कांच्या पापण्या

मालनअक्का मेथी निवडायला बसतात तेव्हासुद्धा खोट्या पापण्या लावून बसतात. शिरूरच्या एसटी स्टँडामागच्या आमच्या गल्लीत सकाळी आलात, तर तिसऱ्या ओट्यावर तुम्हाला पासष्टीची एक बाई दिसेल. अंगावर विटलेलं सुती पातळ, कपाळ मोकळं, मांडीवर मेथीची जुडी. ती मान वर करील आणि तुम्ही दचकाल. एवढ्या काळ्याभोर, टोकाला वर वळलेल्या पापण्या तुम्ही फक्त लग्नातल्या नवरीच्या पाहिलेल्या असतात. लावलेल्या मात्र अशा, की खोट्या म्हणून बोट दाखवायला जागा नाही.

"डोळ्यात धुरळा जात न्हाई," असं त्या कुणीही न विचारता सांगतात.

मला माणसांचा एकंदरीत कंटाळा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. रांजणगावच्या कंपनीतून निवृत्त झालो, तेव्हा दार लावून एकटं शांत बसायचं असं ठरवलं होतं. पण अक्कांची आणि माझी भिंत एक आहे, आणि अक्का ती भिंत लाटण्यानं वाजवतात.

उन्हाळ्यात त्या पापण्या कोमट पाण्यानं धुतात आणि गच्चीवर वाळवणात, कुरडयांच्या शेजारी वाळत घालतात. त्याच कुरडयांचा एक डबा त्यांनी मला दिला होता. मी झाकण उघडलं, तर वरच्याच कुरडईवर एक काळा, केसाळ, बारीक पायांचा प्राणी बसलेला. मी चप्पल उचलली आणि त्याच्यासकट निम्म्या कुरडयांचा भुगा केला. आवाज ऐकून अक्का आल्या. त्यांनी भुग्यातून ती वस्तू दोन बोटांत अलगद उचलली, फुंकर मारली आणि माझ्याकडे दुःखानं पाहिलं.

"कवाची हुडकतीय मी हिला. आन् तुम्ही चपलंनं मारली व्हय, भाऊ?"

तीच पापणी दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या डोळ्यावर होती.

त्यांचं एक पालुपद आहे. पापणीला गम लावल्यावर ती लगेच डोळ्याला लावायची नसते. गम जरा चिकट होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पापणी घसरते. हा नियम अक्कांनी सगळ्या जगाला लावला आहे. गॅसचा सिलिंडर आला नाही, एसटी आली नाही, माझा गुडघा बरा होत नाही, उत्तर एकच. "गम वाळू द्या, भाऊ. घाई करायची न्हाई."

गल्लीत अर्थातच लोक बोलले. "कपाळ मोकळं आन् डोळ्याला तोरण," असं कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत म्हणायचे. तिथंच दळण घेऊन उभ्या असणाऱ्या बायका मग संक्रांतीच्या दुपारी मागच्या दारानं अक्कांकडे यायच्या. अक्का त्यांना ओळीनं बसवायच्या, पापण्या लावून द्यायच्या, आणि नटलेल्या त्या सगळ्याजणी पुढच्या दारानं हळदीकुंकवाला जायच्या. अक्कांना कुणी चला म्हणायचं नाही. त्या मागं राहिलेले गमाचे ठिपके ओल्या फडक्यानं पुसत बसायच्या. मला राग यायचा. अक्कांना येत नसावा, किंवा त्या त्यालाही वाळू देत असाव्यात.

हे वेड त्यांना लागलं ते त्यांच्या मुलीमुळं. रूपालीनं इंदूरच्या एका मुलाशी घरी न विचारता लग्न केलं आणि तिकडंच पार्लर काढलं. वडिलांनी तिचं नाव टाकलं. पुढं ते अचानक गेले तेव्हा ती आली, तेरावं होईपर्यंत राहिली, आणि तेराव्यालाच, मांडवात, पाहुण्यांसमोर अक्का तिला म्हणाल्या, "तुझ्यापायी गेलं ते." मी तिथं पत्रावळींवर वाढत होतो. रूपाली मांडवातून उठली. बॅग उचलली, दौंडला जाऊन गाडी पकडली आणि गेली. त्यानंतर फोन नाही, काही नाही.

घाईत ती खोट्या पापण्यांची एक डबी विसरली होती. अक्कांनी ती बरेच दिवस कपाटात ठेवली, आणि एका रविवारी भिंत वाजवली.

"भाऊ, त्यो चेहरा दिसायचा फोन लावता येतो का तुम्हाला?"

मी लावला. तिकडून रूपालीनं उचलला. अक्का काय बोलणार, मला कळेना. माफी मागतील असं वाटलं. अक्कांनी डबीतली एक पापणी फोनसमोर धरली आणि म्हणाल्या, "हे डोळ्याला चिकटवायचं कसं असतंय गं?"

रूपालीनं डोळे बारीक करून पापणीकडे पाहिलं. मग रूपालीतली पार्लरवाली जागी झाली असावी. "उलटी धरलीस आई तू," ती म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तिचं पार्लर रिकामं असतं त्या वेळी हा वर्ग भरतो. अक्कांना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून फोन मी धरतो. कंपनीत मला सुपरवायझर व्हायचं होतं, ते झालो नाही. इथं मी फोनचा स्टँड झालो. आरसा खाली ठेव, वरून त्यात बघ. पट्टी डोळ्याच्या मापाची काप, बाहेरच्या बाजूनं. गम पातळ लाव. थांब. आधी मधोमध टेकव, मग दोन्ही टोकं. चिमट्यानं आपल्या पापणीशी दाब. हे सगळं मला आता पाठ आहे, आणि त्याचा मला आयुष्यात काडीचा उपयोग नाही.

दोघी दुसरं काही बोलत नसत. अक्कांनी एकदा "जावई बरं हायेत का?" विचारलं, तर रूपाली म्हणाली, "डोळा मिट आई, गम जाईल." एकदा रूपालीनं "घरात एकटं वाटतं का?" म्हटलं, तर अक्का म्हणाल्या, "टोक सुटलं वाटतं गं." पापणीपासून जरा बाजूला सरकलं की समोर तो तेराव्याचा मांडव उभा राहायचा. मग दोघी लगेच पापणीकडं परत यायच्या.

आणि फोनसमोर अक्कांना काही केल्या जमत नसे. एक पापणी भुवईला, एक गालावर, एकदा तर दोन्ही एकाच डोळ्याला. रूपाली कपाळावर हात मारायची, हसायची, परत सांगायची. तास जायचा. माझा हात भरून यायचा.

एका शनिवारी गल्लीतल्या एका मुलीची हळद होती. मी दाराशी उभा होतो. अक्कांनी तिची हनुवटी डाव्या हातानं धरली, उजव्या हातातल्या चिमट्यानं पापणी टेकवली, आणि मुलगी उठली. आरसा नाही, चष्मा नाही, शेजारी उभ्या बायकांशी बोलता बोलता. दुसऱ्या दिवशी रविवार. फोन लागला आणि अक्कांनी पापणी उलटी धरली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "फोन सरळ धरा, भाऊ," एवढंच म्हणाल्या.

मी सरळ धरला. 

असं कायम चाललं असतं तर हे लिहायला मी बसलोच नसतो. गेल्या थंडीत इंदूरहून पार्सल आलं. त्यात चुंबकाच्या पापण्या होत्या. वरची एक पट्टी, खालची एक, मध्ये आपली पापणी. गम नाही, चिमटा नाही. रूपाली फोनवर फार खुशीत होती. "आई, आता तुला कुणी शिकवायला नको! आपोआप बसतात बघ."

अक्कांनी जमेल तेवढा प्रयत्न केला. तिरकी धरली, हात कापवला, डोळा मिचकावला. चुंबकानं चुंबक ओढून घेतलं, टक् करून पापणी जागच्या जागी बसली. दुसरीही.

"झालं की!" रूपाली म्हणाली. "किती मस्त दिसतेस. चल आई, ठेवते, गिऱ्हाईक आलंय."

पुढच्या रविवारीही तसंच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी रूपालीनं फोन न उचलता नुसता हसरा चेहरा पाठवला. अक्का दिवसभर ओट्यावर बसून राहिल्या. मेथी तशीच सुकली. डोळ्यांवर काही नव्हतं, आणि त्यांच्या खऱ्या पापण्या किती विरळ आणि पांढऱ्या आहेत, हे मला पहिल्यांदाच दिसलं. मला ते बघवलं नाही.

संध्याकाळी भिंत वाजली.

"भाऊ, तुम्ही कंपनीत व्हता. लोहचुंबकाची वढ कशानं जाती?"

"तापवलं की जाते," मी म्हणालो, आणि कशाला विचारता हे मी विचारलं नाही.

त्यांनी चारी पट्ट्या भाकरीच्या तव्यावर ठेवल्या. ओढ जायच्या आत केसच वितळले. घरभर घाण वास सुटला. मी खिडकी उघडली.

रविवारी आम्हीच फोन लावला. अक्कांनी तव्यावरचे काळे गोळे ताटलीत घालून दाखवले. "चुलीपाशी ठिवल्या व्हत्या गं. जळल्या."

रूपाली भडकली. "चुलीपाशी कुणी ठेवतं का आई? किती शोधून पाठवल्या होत्या! एक गोष्ट धड ठेवत नाहीस तू! इतके दिवस शिकवतेय, कधी यायचं तुला?" ती बोलत सुटली. ती चिडली की तंतोतंत तिच्या बापासारखी दिसते. हे अक्कांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी मला हातानं खूण केली, फोन जरा जवळ आणा.

मी जवळ नेला. बोलून बोलून रूपाली दमली. मग तिनं श्वास घेतला.

"जुना गम आहे का अजून?"

"हाय की."

"काढ. आरसा खाली ठेव. पहिल्यापासून सांगते."

"सांग," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी डबीतली पापणी काढून उलटी धरली.