लॅपटॉपच्या पडद्याला बोटभर माया

मुलाखतीच्या आदल्या दिवशी लेकीच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर गेला, आणि घरात कुणाला आनंद झाला असेल तर तो टेलरबाबांना.

"माळ्यावर तो बंद पडलेला लॅपटॉप आहे ना, त्याचा पडदा काढू," ते हात चोळत म्हणाले. "शर्ट विरला म्हणून कुणी बटणं टाकून देतं का?"

"अहो, उद्या पोरीची मुलाखत आहे, तीही कॉम्प्युटरवरूनच द्यायचीय. नसते उद्योग करू नका," बायको म्हणाली.

पण टेलरबाबा ऐकतात थोडेच! दुरुस्तीवाल्याने पडद्याला जुळणारं सर्किट जोडून दिलं आणि बजावलं, "उघडा पडदा नाजूक असतो, चौकट बसवा." चौकट म्हणजे मापाचं काम! टेलरबाबांनी गळ्यातली टेप काढली, जाड पुठ्ठ्यावर खडूने पडदा आखला आणि खिडकी कापताना जन्माच्या सवयीने चारी बाजूंनी आत बोटभर माया सोडली. कापडाची माया शिवणीत जाते. पुठ्ठ्याला शिवण नसते, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. चौकट डिंकाने घट्ट चिकटवून ते समाधानाने झोपले.

सकाळी चित्र लख्ख उमटलं, पण त्याच्या कडा पुठ्ठ्याखाली.

"बाबा, खालची पट्टी कुठंय? सगळी बटणं तिथेच असतात!"

"मायेत गेली गं. थांब, काढतो."

पण डिंकाचा दगड झाला होता. ओढलं असतं तर काच फुटली असती.

"राहू द्या, अंदाजाने दाबते," लेक रडवेली होऊन म्हणाली. सगळीकडून नकार पचवून बिचारी इथवर आली होती, आणि ही नोकरी तिला हवीच होती.

नोकरी एका कंपनीच्या तक्रार विभागातली. पडद्यावर कोटवाले साहेब आणि चष्मेवाल्या बाई आल्या. टेलरबाबा दाराआडून मान उंचावून बघत होते.

"चिडलेल्या ग्राहकाला कसं शांत कराल?" साहेबांनी विचारलं.

लेकीने पाठ केलेलं उत्तर सुरू केलं आणि मध्येच अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली.

"बरं. कळवू," साहेब कोरडेपणाने म्हणाले.

लेकीने माउस पुठ्ठ्याखाली नेऊन अंदाजाने कॉल बंद करायचं बटण दाबलं. टेलरबाबांनी लगबगीने पुढे होऊन पडद्याची वायर उपटली. शिलाई मशीनची वायर काढली की मशीन बंद, तसा पडदा काळा झाला की सगळंच बंद, असा त्यांचा हिशेब.

"गेली नोकरी!" बायको कडाडली. "तुमच्या त्या पुठ्ठ्यापायी! पोरीचं सगळं लक्ष बटणांत, उत्तर कुठून सुचणार?"

"माझ्यावर काय खेकसतेस? तो साहेब बघितलास? कोटाचा खांदा उतरलाय त्याच्या! ज्याला धड कोट शिवून घेता येत नाही, तो माणसं पारखणार?"

"तुम्हाला खांदे बरे दिसतात! पोरीचं नुकसान दिसत नाही!"

"आई, बस जरा," लेकीने तिला खुर्चीत बसवलं. "तुझं बरोबर आहे. चौकट चुकली आणि मला त्रास झाला. हवं तेवढं बोल, मी ऐकतेय." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, काल माझ्यासाठी तुम्ही जेवायलासुद्धा उठला नाहीत, ते मी बघितलंय. फक्त माया जरा जास्त झाली. आता हा डिंक कसा सोडवायचा, ते तुम्हीच सांगा."

आईचा आवाज खाली आला. टेलरबाबांनी डोळे पुसले. "ओलं फडकं तासभर ठेवलं की सुटेल गं. चुकलंच माझं."

तेवढ्यात कुणीतरी खोकलं. तिघंही टेबलाकडे वळली. पडदा काळाच होता, पण टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा आपला निवांत घुमत होता.

"माफ करा हं," स्पीकरमधून चष्मेवाल्या बाईंचा आवाज आला. "तुमचा कॅमेरा तेवढा बंद झालाय, कॉल चालूच आहे. आम्ही निघणारच होतो, पण मग कान लावून बसलो. मघाचं पाठांतर काही पटलं नव्हतं. आता जे केलंत ना, तेच आमच्याकडचं काम. सोमवारी रुजू व्हा."

"येते, नक्की येते!" लेक ओरडली. बायकोने आनंदाने टेलरबाबांच्या पाठीत धपाटा घातला. मग साहेबांनी घसा साफ केला.

"वडील आहेत का तिथे? खांदा... खरंच उतरलाय?"

टेलरबाबांना घाम फुटला. पण खोटं बोलणं धंद्यात बसत नव्हतं.

"डावा," ते चाचरत म्हणाले. "पण साहेब, काळजी करू नका. शिवणाऱ्याने आत माया सोडली असेल, तर मी करून देतो नीट."