परसातील मुळ्याच्या स्वारीची हकिकत

हुजुरांनी पुसिले की घरामागील मुलूख कोणे प्रकारे लागवडीस आला, कोण लढले, कोण तोंडघशी पडले, ते तपशिलवार लिहोन पाठविणे. त्यावरून जे घडले तेच, पदरचे काही न घालिता, लिहिले आहे. राजश्री बाबांस झोंबेल ऐसाही मजकूर यांत आहे. परंतु दप्तरदाराने भीड धरिली तर दप्तर कोरे राहील.

राजश्री बाबा चष्मेवाले काचा घासण्यात निपुण. लोकांच्या डोळ्यांपुढचे धुके घालवावे ऐसी ख्याती. परंतु मातीशी जन्मात गाठ नाही. कुंडीत एक रोप पाळिले होते, तेही अतिप्रेमाने बुडोन मेले. ऐसे असता एके सोमवारी दुकान बंद, आणि दोन्ही कन्यांनी सोफ्याच्या उशांचे बुरूज रचोन घरात उच्छाद मांडिला, तेव्हा बाबांचे चित्तात आले की परसात चार हात जमीन ओसाड आहे, ती हस्तगत करावी. मग थोरल्या चिमणीबाई, वय वर्षे सहा, अक्षरे जुळवू लागलेल्या, स्वभावे शंकेखोर. आणि धाकट्या भुंगाबाई, वय साडेतीन, धीर ही चीज कधी पाहिलेली नाही. या उभयतांस पुढे घेवोन वचन दिधले की महिन्यात तुमच्या हातचा मुळा तुम्हांस खाऊ घालीन.

संध्याकाळी राणीसरकार, कन्यांच्या मातोश्री, नोकरीची बस हाकोन परतल्या. त्या जागी स्कूटर उभी करावी ही त्यांची जुनी मसलत. त्यांनी फर्मान काढिले की महिनाअखेर मातीवर काही हिरवे दिसले तर बाग राहील, ना तर फरशी बसेल. "आणि चिखलाचे पाय घेऊन आत आलात, तर तिघांनीही बाहेरच जेवायचं," हे पुरवणी कलम.

मग कूच जाहले. एक उसने खुरपे, दोन मोठे चमचे आणि आंघोळीचा मग, इतका सरंजाम. जमिनीने विटांचे तुकडे आणि फुटक्या फरशा ओकोन कडवा प्रतिकार केला, बाबांच्या तळहातास फोड आले आणि कंबरेने राजीनामा दिला. तितक्यात एक गांडूळ हाती लागले. भुंगाबाईंनी त्यास मामा ऐसा किताब देवोन डब्याच्या झाकणात बसविले, आणि मामांची व्यवस्था लागेपर्यंत अर्धा दिवस मोहीम तहकूब राहिली.

बी पेरिले. दुसरे दिवशी पाहाटे भुंगाबाईंनी स्वहस्ते सर्व उकरोन काढिले.

"उठलं का बी?"

"अगं, झोपू दे त्याला! पांघरूण घाल परत," बाबा म्हणाले.

मग पांघरूण घालावे, आणि दुसरे दिवशी पुन्हा काढावे, ऐसे दिवसामागून दिवस चालिले. बियांचा पुरवठा सरला, आणखी आणिला, तोही तैसाच गेला. सव्विसावा दिवस उजाडला तरी मैदानी हिरवे नाव नाही. बाबांस अन्न गोड लागेना. चष्म्याचे नंबर चुकू लागिले. एका गिऱ्हाईकास दुसऱ्याचा चष्मा दिधला, आणि त्याने "आज जरा तरुण दिसताय" म्हणोन उलट आभार मानिले.

तेव्हा बाबांनी कपटाची मसलत केली. दुपारी कन्या निजल्या असता बाजार गाठिला. मुळा मिळाला नाही, म्हणोन पाल्यासकट गाजरे आणिली, मातीत उभी पुरिली, आणि कन्यांस जागे करोन मुद्रा ऐसी केली की जणू काही ठाऊकच नाही.

भुंगाबाईंनी एक उपटिले आणि आरोळी ठोकिली, "मुळा लाल झाला!"

चिमणीबाईंनी दुसरे उपटिले. त्यास कागदाची पट्टी चिकटोन राहिली होती. त्यांनी बोट ठेवोन वाचिले, "ता-जी गा-ज-रे. थं-ड जा-गी ठे-वा." मग बाबांकडे वळोन पुसिले, "बाबा, हे मातीत कुणी लिहिलं?"

लोकांस दूरचे दाखविणारे बाबा, त्यांस हाताएवढी पट्टी दिसली नव्हती.

"मी पुरली," ते म्हणाले. "फरशी घालतील म्हणून घाबरलो गं."

"मग आम्हाला सांगायचं ना," चिमणीबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसोन पाठ फिरविली. ही पाठ बाबांस विटांहून कठीण गेली.

संध्याकाळी राणीसरकारांनी पट्टी दोनदा वाचिली आणि ऐशा हसल्या की भिंतीस टेकोन खाली बसल्या. मग तह जाहला. मुदत एक महिना वाढविली. भुंगाबाईंस कोपऱ्यात हवे तितके उकरण्यास स्वतंत्र जहागीर मिळाली. बाबांस विकतची भाजी घेवोन त्या मुलखात पाय ठेवण्याची सक्त मनाई. थोरल्या बाईंनी, अंमळ उशिराने, बाबांचा हात धरिला.

पुन्हा बी पेरिले, आणि पाचवे दिवशी मातीस फट पडली आणि दोन-दोन पानांची फौज उभी राहिली. तिघेही पोटावर पडोन तास न् तास बघत राहिले.

महिना भरत आला. बाबांस दम निघेना. त्यांनी एक मुळा उपटिला. करंगळीएवढा, वाकडा, टोकास केस.

"बाबा, किती घाई!" चिमणीबाई ओरडल्या.

भुंगाबाईंनी तो बाबांच्या हातून काढोन घेतला, भोकात परत उभा केला, दोन्ही तळव्यांनी माती थोपटिली आणि ओठांवर बोट ठेवोन म्हणाल्या, "शू. अजून बाळ आहे तो."

मग तिघांनी माघार घेतली, आणि पायांचा आवाज होऊ दिला नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हाती आलेले मुळे, एकही नाही. मुलूख राखिला. शिक्का मातीच्या बोटाचा केला असे.