गाडी न सोडणारे डोमाजीमामा

आमच्या कोहमाऱ्याच्या फाट्यावर एसटी फारच वेळ उभी दिसली, की समजायचं, आत डोमाजीमामा आहेत. चहाला उतरलेला एक जरी प्रवासी परतला नाही, तरी मामा दारात आडवे उभे राहायचे. "माणूस मागं ठेवून गाडी सुटत नसते!" कंडक्टर हात जोडायचा, ड्रायव्हर हॉर्न बडवायचा, मामा ढिम्म. मग कळायचं, तो प्रवासी कधीचाच एका ट्रकमध्ये बसून नवेगाव बांधला पोचला.

मामा फौजेत ट्रक चालवायचे. निवृत्त होऊन केशोरीला आले, तेव्हा फाट्यावर माझं नवं कॉम्प्युटरचं दुकान होतं. एका रविवारी झेरॉक्सला आले आणि पडद्यावर कुठल्याशा दूरच्या ग्रहावरची लढाई पाहून खुर्चीला जे चिकटले, ते चिकटलेच.

"एवढी फौज उतरली, अन् लंगर कुठं हाय गा?"

"मामा, गेम आहे हा."

"मंग उपाशी लढतीन का? अन् हे सेनापतीन सबसे आगे काऊन चालून राहिली? टोप बी नाही डोक्यावर!"

"चेहरा दिसायला नको? कहाणी तिची आहे."

"कहाणी लिहिणाऱ्याले एकदा बरफात ड्यूटीले पाठवा," मामा म्हणाले.

पण दर रविवारी हजर! कुठल्याही ग्रहावर उतरले, की आधी सगळ्या गाड्यांची तोंडं परतीच्या दिशेला. "पहिले वापसीचा रस्ता, मंग लढाई." पोरं एका दुपारी गेम संपवायची, मामांचे महिने गेले.

शेवटच्या लढाईत मात्र घोडं अडलं. सगळे यानात चढतात आणि एक तोफवाला फाटकावर राहतो. यान उडालं, की शत्रू तुटून पडतो आणि तोफवाला मरतो. मामांनी रणगाडे ठेवले, यान परत फिरवलं, तो मेलाच. शेवटी मीच वैतागलो.

"अहो, त्याला मरावंच लागतं! त्याशिवाय कहाणी पुढे सरकत नाही."

"कहाणीले पायजे म्हणून माणूस मारता का बे?" माऊस आपटून मामा निघून गेले. पुढे काही रविवार आलेच नाहीत. खरं सांगतो, दुकान खायला उठायचं.

मग एका संध्याकाळी आले आणि गुपचूप खेळले. सगळी फौज यानात चढली. मामांनी हात मांडीवर ठेवले. यान उभं, तोफवाला फाटकावर उभा. शत्रूचा पत्ता नाही. यान सुरू केल्याशिवाय हल्ला होतच नाही, हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

"मामा, बटण दाबा."

"नाही दाबत."

"कहाणी इथंच अडकेल."

"अडकू दे." पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "शेवंता गेली तवा मी लद्दाखात होतो. रस्ता बंद. मरतेवेळी तिच्यापाशी कोणी बसलं नोतं गा."

शेवंता म्हणजे मामी. मामांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. 

बाहेर हॉर्न वाजला. केशोरीची शेवटची गाडी.

"मामा, तुमची एसटी."

"जाऊ दे तिले. थोडा वेळ बसतो याच्यापाशी."

मी धावत बाहेर गेलो आणि एसटीच्या दारात आडवा उभा राहिलो.