थर्मासमधला पेशंट

आमच्या शेजारच्या दाजीकाकांना आयुष्यात साधी शिंक आलेली कुणी पाहिली नाही. पण आचऱ्याच्या सरकारी दवाखान्यात रांगेत पहिले उभे असतात ते दाजीच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत बूट आणि हातात वाडीतल्या म्हाताऱ्यांचे केसपेपर.

औषध ते घरपोच देतात, पण गोळी गिळल्याशिवाय हलत नाहीत. "आ कर बघूया," म्हणून जिभेखाली डोकावतात. कुणी 'फुकटचं औषध' म्हटलं की संपलंच! "फुकटचा नाय, हक्काचा! नीट गीळ!"

माझ्या आईचं इन्सुलिनही तेच आणतात. गेल्या पावसाळ्यात दवाखान्यातला साठा संपला. औषध देणाऱ्या बाई म्हणाल्या, जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे, पण गाडी यायला वेळ लागेल. मी मेडिकलमधून विकत आणायला निघालो, तर आई अडून बसली.

"नको रे, खूप महाग. उरला हा ता मी एकाआड एक दिवस घेतंय."

ओट्यावर बसलेले दाजी उठले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. दाजी गप्प! आम्हाला काळजीच वाटली.

दुसऱ्या दिवशी बाईंची चिठ्ठी घेऊन ते एसटीने जिल्ह्याला गेले. परतीची हकिगत कंडक्टरने सांगितली. गाडीत चढताच दाजींची आरोळी, "पेशंट आसा! इंजिनापासून लांब जागा देवा!"

"पेशंट खंय?"

दाजींनी मांडीवरचा थर्मास थोपटला. आत बंदरावरचा मासळीचा बर्फ आणि पंच्यात गुंडाळलेलं आईचं इन्सुलिन.

बाटलीला बांगड्याचा वास येत होता. आईला हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

"दाजीनू, माझ्यासाठी कित्याक इतको तरास घेतल्यात?"

दाजी बुटांकडे बघत राहिले. "माझी बायको सुमन बीपीची गोळी एकाआड एक दिवस घेय. तेव्हा सगळा इकत घेवचा लागा. माझो पगार पुरूक व्हयो म्हणान माका कधी बोलाक नाय. ती गेल्यावर फडताळात उरलेली पाकिटा गावली."

आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

हल्ली रोज सकाळी इंजेक्शन झालं की आई कुंपणापाशी जाऊन हाक मारते, "घेतलंय हां, दाजीनू!"

पलीकडच्या घरातून एकट्या दाजींचं उत्तर येतं, "बरां केलास गो!"