सिमरनचा राहिलेला डोस

सिमरनच्या लसीकरण कार्डावर सगळ्या तारखा होत्या, फक्त दीड वर्षाच्या डोसाचा रकाना कोरा होता. छोट्या गटाच्या प्रवेशाला गेलेल्या तिच्या बापाला, साजिदला, शाळेतल्या बाईंनी नेमकं त्यावरच बोट ठेवून परत पाठवलं.

"अब्बा, डोसाला पोरीला तुमीच नेत होता ना?" त्यानं घरी येऊन विचारलं.

"व्हय की," वजीरचाचा म्हणाले. "सिस्टरचं लिवायचं राहिलं आसंल."

नातीच्या एकूण एक डोसाला आपणच नेलं, असं चाचा गावभर सांगत. खरं म्हणजे त्या डोसाच्या दिवशी उपकेंद्राच्या दारातच पोरीनं रडून त्यांची दाढी घट्ट धरली, आणि जन्मभर बैलांना नाल ठोकणारा हा माणूस एका सुईला भिऊन माघारी फिरला. पुढच्या आठवड्यात नेऊ म्हणता म्हणता राहूनच गेलं. तेव्हापासून पोरगी नुसती खोकली तरी ते तिच्या कपाळाला हात लावून बघत.

साजिद मात्र इरेला पेटला. "चुकी त्यांची, आन् हेलपाटे आमी घालायचे?" म्हणत तो उपकेंद्राकडं निघाला. मागोमाग सिमरनचं बोट धरून तिची आजी शरिफाबी. चाचा वाटेत दोनदा "उद्या जाऊ की" म्हणाले, पण ऐकतो कोण.

उपकेंद्रात साजिदचा आवाज चढला तशा शरणम्मा सिस्टर ओशाळल्या. "राहिलं आसंल माझ्याकडून. लई गर्दी आसती," म्हणत त्या जुनं रजिस्टर काढायला उठल्या.

चाचांना राहवेना. आपलं पाप या गरीब बाईच्या माथी कसं मारायचं?

"सिस्टर, तुमची चुकी न्हाय," ते म्हणाले. "म्या पोरीला आत आणलंच न्हाय. तिचं रडणं बघवना. माकणीला धरणाचं पाणी दाखवलं आन् घरी नेलं. लबाड बोललो. काय टोचायचं ते आत्ता टोचा, पर तिची शाळा बुडवू नका."

सिस्टरनी पानं उलटली.

"चाचा, डोस तर दिलाय. ठरल्या तारखेच्या पुढच्याच बुधवारी. सोबत आजी, कार्ड आणलं न्हाय, आसं लिवलंय."

चाचांनी बायकोकडं पाहिलं. शरिफाबी सिमरनची वेणी नीट करत होत्या.

"सुई टोचलेली पोर हसत घरी येती व्हय?" त्या हळूच म्हणाल्या. "तुमी येरमाळ्याला गेल्याव म्या आणलं. कार्ड तुमच्या पेटीत. मागितलं आसतं तर तुमचं तोंड उतरलं आसतं."

"पर म्या येरमाळ्याहून आलो तवा तिला ताप हुता. म्या किती घाबरलो, डोस न्हाय म्हणून."

"डोसाचाच हुता त्यो."

चाचांना हसावं की रडावं कळेना. अडीच वर्षांचं ओझं उतरलं होतं, आणि बायकोवर रागवायलाही जागा उरली नव्हती.

"एवढे दिवस बोलली न्हाईस," ते कसेबसे म्हणाले.

"तुमी तरी कुठं बोलला?"