पाळण्याचा पक्का सौदा

ऑर्डरप्रमाणे वस्तू करवून देण्याचा शरियतचा कायदा आपल्याइतका शहरात कुणालाच कळत नाही, याबद्दल फर्निचरवाल्या शेठला तिळमात्र शंका नव्हती. त्याचे मामू मदरशात हाच विषय शिकवत, आणि त्यांच्यासोबत इतकी वर्षं चहा पिऊन शेठ स्वतःला अर्धा मुफ्ती समजू लागला होता.

"याला इस्तिस्ना म्हणतात, ताई!" पाळण्याची ऑर्डर द्यायला आलेल्या बाईंना तो ऐटीत सांगत होता. "लाकूड, माप, किंमत, सगळं आज ठरलं. कारागीर कुणीही असो! तुमचा करार माझ्याशी, त्याचा करारही माझ्याशी, आणि दोन्ही अगदी वेगळे. काही बिघडलं तर जबाबदार कोण? मी!"

बाईंचे दिवस भरत आले होते. "मोठ्या मुलाला मी फळांच्या खोक्यात झोपवलं, भाऊ. घरी सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी माझे शिवणकामाचे पैसे काढले. बाळाच्या आधी पाळणा आला पाहिजे, आणि तो करकरता कामा नये!"

"करकर? माझ्या दुकानात? नावच नको!"

शेठने काम दिलं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या सुताराला. त्याच्या हातात जादू होती, पण तोंडात कायम एकच शब्द, 'परवा'. म्हणून सगळे त्याला परवाभाई म्हणत. पाळणा कुणाचा, हे शेठने त्याला सांगितलं नाही. गिऱ्हाईक आणि कारागीर परस्पर भेटले, तर दुकानदाराने काय माश्या मारायच्या?

काही दिवसांनी शेठ कारखान्यात डोकावला. लाकडाला रंधासुद्धा लागला नव्हता!

"अडचण आहे, शेठ. बायको बाळंतपणाला टेकलीय. घरीही पाळणा करायचाय. कधीपासून तिला परवा-परवा म्हणतोय. आता तुमचा आधी केला तर ती मला कच्चा खाईल!"

"घरची माणसं थांबतात, गिऱ्हाईक थांबत नाही!" शेठने टेबलावर हात आपटला. "भाभींना सांग, शेठची ऑर्डर आहे!"

संध्याकाळी बाईंचा फोन आला. शेठ फुशारला. "काळजीच सोडा! कारागिराला स्वतःच्या घरचं काम बाजूला ठेवायला लावलंय, खास तुमच्यासाठी!"

"बरं केलंत! घरच्यांना काय, थांबायची सवयच असते."

पाळणा झाला, आणि झाला तोही देखणा. टेम्पोत चढवून शेठने पत्ता सांगितला, तसा परवाभाईचा चेहरा उतरला.

"शेठ... हे तर माझं घर आहे!"

शेठच्या पायांखालची जमीन सरकली. मामूंनी हजारदा बजावलं होतं: ज्याला माल विकायचा, त्याच्याकडूनच तो करवून घ्यायचा नाही, नाहीतर सगळा सौदा नुसता देखावा! त्याने तिथूनच मामूंना फोन लावून सगळं सांगितलं.

"पैसे कुणाचे?" मामूंनी विचारलं.

"बाईंचे. स्वतःच्या कमाईचे."

"मजुरी कुणाला?"

"नवऱ्याला."

"तिघांनी मिळून हे आधी ठरवलं होतं?"

"अल्लाशपथ नाही! आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं!"

मामू पोट धरून हसले. "मग बायकोचं ते बायकोचं, नवऱ्याचं ते नवऱ्याचं. माणसं दोन, करार दोन, सौदा पक्का! जबाबदारी मात्र तुझी."

"ती तर माझीच!" शेठची छाती पुन्हा फुगली.

दार उघडताच बाई पाळण्याकडे बघतच राहिल्या. कडेच्या नक्षीवरून त्यांनी हळूच हात फिरवला. नवऱ्याचा हात त्यांनी ओळखला असावा, कारण डोळे भरून आले. मग त्यांनी एक झोका दिला.

करर्र!

"परवाभाई, बघ रे जरा," शेठ घाईघाईने म्हणाला.

"परवा बघतो," परवाभाई सवयीने म्हणाला.

"त्यांना कशाला सांगता?" बाई कडाडल्या. "माझा करार तुमच्याशी! जबाबदार कोण म्हणाला होतात?"

दहा मिनिटांनी शेठ तेलाची बुधली घेऊन पाळण्याखाली उताणा पडला होता. शेजारी नवरा-बायको चहा पीत बसले होते.

"बघा आणि शिका!" बाई नवऱ्याला म्हणत होत्या. "याला म्हणतात सुतार. सांगितलं की लगेच!"