गफूर मास्तरची चौकट

गफूर मास्तरच्या घरात शिरणारा माणूस दोन सलाम करतो. एक मास्तरला, एक त्याच्या चौकटीला. मास्तरला करायचा राहिला तर मास्तर मनावर घेत नाही, पण चौकट सोडत नाही. ती कपाळावर अशी बसते की पाहुणा जागच्या जागी खाली बसतो, आणि मास्तर आतून, मशीनवरची मान वर न करता विचारतो, "कुठी टोचलं तर नाई ना?"

हे वाक्य त्याच्या तोंडात कायमचं. शिंपी माणूस. गिऱ्हाइकाला सदरा चढवला की चारी बाजूंनी फिरून विचारायचा, काखेत टोचते का, मानेला टोचते का. ती सवय इतकी मुरली की चहा पाजला तरी तेच, बसायला खाट दिली तरी तेच. माझ्या सासूच्या मयतीला आला, आमच्या ह्यांच्याजवळ बराच वेळ बसला आणि उठताना हळूच तेवढंच विचारून गेला. आमचे हे नंतर म्हणाले, सकाळपासून एवढी माणसं बोलून गेली, पण विचारायचं ते ह्या एकट्यानं विचारलं.

कुरखेड्यात तो आणि त्याची बायको हमीदाबी आधी आमच्या भिंतीला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत राहायचे. मी तेव्हा बाजारात मासोळ्या घेऊन बसायची. आमच्या घरच्यांनी तळ्यात जाळं टाकायचं आणि मी विकायचं. मास्तरची मशीन पलीकडे कडुनिंबाखाली. मास्तर कापायचा, हमीदाबी काज-बटन आणि तुरपाई करायची, आणि दोघं दिवसभर भांडायचे. भांडण थांबलं की मी समजायची, कापड संपलं.

हमीदाबी उंचीनं कमी. मी एवढंच लिहिते, कारण याहून जास्त कोणी म्हटलेलं तिला खपत नसे. बाजारात एका मासोळीवालीनं एकदा थट्टेत तिला बुटकी म्हटलं, तर तोललेली मासोळी तिच्याच टोपल्यात टाकून ही जी निघाली, ती पुन्हा त्या बाईच्या बाजूला फिरकली नाही. भाड्याच्या खोलीत सगळंच तिच्या हाताच्या वर. फळी वर, खिडकी वर, दाराची कडी तर पार वर. म्हणून मशीनचं जुनं स्टूल घरभर फिरायचं. कोणी आलं की ती ते पायानं खाटेखाली सारून द्यायची, आणि आम्हीही ते पाहिलं नाही असं दाखवायचो.

मास्तर आठवडी बाजारांना मशीन घेऊन एसटीनं जायचा आणि कधी शेवटची गाडी हुकली की तिकडेच राहायचा. त्या वर्षांत आमच्या भागात नक्षल्यांच्या आणि पोलिसांच्या भीतीनं दिवे लागले की दारं लागत. रात्री कुठे दार वाजलं तर कोणाचं वाजलं हे कळेपर्यंत सारी गल्ली श्वास धरून बसे. मास्तर नसला की मला भिंतीपलीकडून स्टूल ओढल्याचा आवाज यायचा. मग कडीचा. मग पुन्हा स्टूल.

समोरचं घर विकायला निघालं ते मीच मास्तरला सांगितलं. घरवाले नोकरीपायी गडचिरोलीला गेलेले. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आणि मागची बाजू म्हैस बसावी तशी बसलेली. मास्तरनं घेतलं आणि सांगून टाकलं की मिस्त्री लावणार नाही, दोघं मिळून करू. मी म्हटलं, मास्तर, हे काम वेगळं. तर म्हणाला, "मी हालत्या माणसाले कपडा शिवतो बाई. घर तं उभं हाये, हालत बी नाई."

मग सुरू झालं त्यांचं बांधकाम. गल्लीला दुसरी करमणूक राहिली नाही. दुकानातलीच वाटणी: कटिंग मास्तरचं, फिनिशिंग हमीदाबीचं. तो भिंत घालायचा, ती लिंपायची. मास्तरच्या गळ्यात टेप, कानामागं चपटा खडू. चौकट आधी सुतळीनं बांधून उभी केली आणि म्हणाला, हा कच्चा टाका आहे, ट्रायल झाली की पक्का घालू. ट्रायल एका बकरीनं घेतली. अंग घासायला टेकली आणि चौकट बकरीसकट आडवी झाली. मास्तर म्हणाला, बरं झालं, ट्रायलमंदीच समजलं. भिंत वाकडी झाली तर ती पाडायची नाही, उसवायची. खिडकीच्या बाजूला दोन बोटं माया ठेवली होती, पुढे ढिली करावी लागली तर.

आणि दर कामाला हमीदाबी पाहिजे. लिंपणाच्या हातानं तिला उठवायचं, भिंतीला उभं करायचं आणि सांगायचं, "हात वर कर. इथी धर." ती टेपचं टोक धरून उभी. हा मागं सरकायचा, एक डोळा मिटून पाहायचा, काढलेली रेघ पुसायचा आणि जरा खाली दुसरी काढायचा. ती करवादायची की माझं लिंपण वाळून राह्यलं, हा म्हणायचा हलू नको. खिडकीला तसंच, फळीला तसंच, आणि चौकटीला तर तीनदा उठवली.

घर झालं. चुना पोतारून असं गोरंगोमटं दिसायला लागलं की मलाच माझं घर जुनं वाटू लागलं. पहिल्याच दिवशी हमीदाबीचा भाऊ नागपूरहून मिठाईचा डबा घेऊन आला, ऐटीत दारात पाऊल टाकलं आणि डब्यासकट खाली बसला. त्याच्यानंतर कोण कोण बसलं त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मास्तरनं कोटाच्या खांद्यात घालतात त्या दोन गाद्या आणल्या आणि चौकटीच्या वरच्या लाकडाला खिळ्यांनी ठोकल्या. आत कोनाड्यात बामची डबी ठेवली.

गावानं आपलं कारण काढलं. म्हणे हमीदाबीनं सदऱ्यासंगं टेप धुतली, ती आकसली, आणि त्याच टेपनं मास्तरनं घर मापलं. मी मास्तरला विचारलं, तर म्हणाला, "हो ना बाई. कमीच झालं थोडं." मी म्हटलं चौकट उंच करून घे, माझ्या माहेरचा मिस्त्री पाठवते. नाही म्हणाला. कापलेला कपडा लांब होत नाही म्हणे. आणि हमीदाबी दारात उभी राहून, चार घरी ऐकू जाईल असं बोलायची, की आख्ख्या गावाचं माप घेते माणूस, आपल्या घराचं घेता नाही आलं.

हसण्यापर्यंत ठीक होतं. पण शिंपी माणसाचं माप चुकलं ही बातमी हसण्यावर थांबत नाही. पोरं कडुनिंबाखाली थांबून विचारू लागली, मास्तर, पॅन्ट गुडघ्यालोकच येईन का? मग थांबेनाशी झाली आणि वडशाहून तयार कपडे आणू लागली. बाजाराच्या दिवशी मी पाहायची, मास्तर मशीनला तेल घालून राह्यला आहे. दुसऱ्या बाजारालाही तेलच. इतकं तेल मशीनला लागत नाही.

त्या उन्हाळ्यात एकच मोठं काम हाती होतं. राईस मिलवाल्या शामरावभाऊंच्या मुलाचं लग्न, घरातल्या साऱ्या पुरुषांचे सफारी. कापडाचे तागे आले होते, मापं घ्यायची होती. मास्तर दुपारी मशीन घरी आणून टाके टाकत बसायचा. मी मासोळ्या द्यायला गेले होते तेव्हा शामरावभाऊ आले. माणूस ताडासारखा. चौकटीच्या गादीनं आपलं काम केलं. ते बसले, डोक्यावरची टोपी शोधली, आणि बसल्या बसल्याच म्हणाले, "मास्तर, राग नको मानू. घरचं लगन हाये. कपडा वापस दे. ज्याले आपल्या दाराचं माप नाई आलं…"

पुढचं त्यांनी सोडून दिलं. त्यांच्या अंगातला सदरा मास्तरचाच होता, आणि तो त्यांना कुठेही टोचत नव्हता. मास्तरनं हातातली सुई बाजूला ठेवली. उठला आणि ताग्यांच्या घड्या घालू लागला. कापडाच्या कडा जुळवत होता, एकदा जुळवलेल्या पुन्हा जुळवत होता. हे तागे गेले असते तर मशीन कायमची झाकावी लागली असती. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

आतून हमीदाबी आली. हाताला कणीक. मला वाटलं आता मास्तरवर तोंड सोडते. ती सरळ दाराशी गेली, दार लोटलं, हात वर केला आणि वरची कडी लावली. टाचा उचलल्या नाहीत की काही नाही. मग कडी काढली आणि फिरली.

"भाऊ, यायनं माप चुकवलं नाई. हे घर माह्या मापाचं हाये."

शामरावभाऊ उठत होते, ते पुन्हा खाली बसले.

"मी बुटकी आहो," हमीदाबी म्हणाली. "तुमाले दिसतच असन. कडी माह्या हाताले येते, खिडकी येते, अंदर फळ्या हायेत त्या बी येते. एक बोट इकडचं तिकडं नाई. आता न्याचा असन तं न्या कपडा."

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मास्तरच्या हातातली घडी सुटली. एवढा बोलका माणूस, पण चोरी पकडल्यासारखा लाल झाला.

"तुले कोनं सांगतलं?"

"हात वर कर, हात वर कर," ती म्हणाली. "टेप अडकवाले भिंतीले खिळा नोयता का?"

शामरावभाऊंनी कपाळ चोळलं. चौकटीकडे पाहिलं, हमीदाबीकडे पाहिलं, मग उभे राहून दोन्ही हात पसरले. म्हणाले, मास्तर, पयले माह्या बाह्या घे. मास्तर टेप घेऊन त्यांच्याभोवती फिरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुठे टोचते का हे विचारायचं विसरला.

ते गेल्यावर मी हमीदाबीला धरलं. म्हटलं, तुला माहीत होतं तर एवढे दिवस गल्लीभर त्याच्या नावानं शिमगा कशाला? ती म्हणाली, मी गप्प राहिली असती तर लोकांनी विचारलं असतं की ही काऊन बोलत नाई, मग सारंच समजलं असतं. "अन यायनं मले नाई सांगतलं, तं मी काऊन सांगू?"

मास्तर मशीनवर बसला होता. मान खाली घालूनच विचारलं, "कुठी टोचत तर नाई ना?"

हमीदाबीनं आत जाऊन फळ्यांना एकदा हात लावून पाहिला. मग म्हणाली, मधली फळी जराशीक खाली पाहिजे होती. मास्तर उठला आणि हातोडी शोधायला गेला.

याला खूप वर्षं झाली. सफारी गेले, वडशाची तयार कपड्यांची दुकानं कुरखेड्यातच आली, मास्तर आता फक्त जुन्या गिऱ्हाइकांचं शिवतो. चौकटीवरच्या गाद्या त्यानं दोनदा बदलल्या. मशीनचं ते जुनं स्टूल हमीदाबीनं मला दिलं. तिला त्याचं काम नव्हतं, आणि मला काम पडायला लागलं होतं. माणूस म्हातारपणी आखडतो हे ऐकून होते, पण आपल्याच दाराची कडी एके दिवशी वर गेलेली दिसते तेव्हा कळतं. आमचे हे होते तोवर कडी तेच लावायचे, त्यामुळे ती कधी वर गेली ते लक्षातच आलं नाही.

परवा मास्तरच्या घरी गेले तर वाकायचं विसरले, आणि कपाळाला काही लागलं नाही. मास्तरनं मान वर करून पाहिलं.  मी चहा पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा. गळ्यात टेप, कानामागं खडू. मागं हमीदाबी हातोडी घेऊन, आणि सुरुवातीपासूनच भांडत, की डोळ्यांनी दिसत नाही आणि निघाला कटिंग करायला. मी विचारलं काय झालं, तर मास्तरनं वरच्या कडीकडे पाहिलं आणि टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

"हात वर करा बाई. इथी धरा."

भिंतीत खिळा होता. मला दिसत होता. मी हात वर केला.